वरळीची हिंद, नॉटिंगहॅमची रॅले

जुन्या बाजारात सायकलवाला माणूस लगेच ओळखू येतो. तो उभ्याने बघत नाही. उकिडवा बसतो, गंजक्या लोखंडाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, हाताला लागलेला तुकडा अंगठ्याने पुसतो आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेतो. पुण्याच्या मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, ट्रकचे जॅक, बंद घड्याळं, किल्ली हरवलेली पितळी कुलपं आणि या सगळ्यात कुठेतरी सायकलींच्या सुट्या अवयवांचं एक पोतं. गेल्या आषाढातल्या एका रविवारी त्या पोत्याभोवती आम्ही चौघं बसलो होतो. एक निवृत्त बँक अधिकारी, भोसरीत टूलरूम चालवणारे एक गृहस्थ, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आणि मी. मुलाच्या हाताला मागच्या चाकाचा हब लागला. आरे कापून टाकलेले, वर काळा चिकट थर. त्याने खिशातल्या बाटलीतलं घासलेट रुमालावर घेऊन तो पुसला, तशी अक्षरं वर आली. स्टर्मी-आर्चर. एडब्ल्यू. शेजारी ५३, थोडं पुढे ८.

"त्रेपन्नचा ऑगस्ट," बँकवाले काका हळूच म्हणाले.

मग कुणीच काही बोललं नाही. पोतंवाल्याने त्या शांततेवरूनच भाव ठरवला असणार. मुलाने घासाघीस न करता पैसे दिले.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टर्मी-आर्चर ही नॉटिंगहॅमची कंपनी, रॅले या सायकल कंपनीच्या पंखाखाली वाढलेली. १९०२ साली तिचा तीन वेगांचा हब आला आणि एडब्ल्यू हा प्रकार १९३६चा. बाहेरून पाहिलं तर साधा जाडसर हब. गिअर असल्याची खूण एकच, आसातून बाहेर येणारी एक इवलीशी साखळी. सगळी करामत आत. मधल्या आसावरच वीस दात्यांचं एक चाक कोरलेलं, ते फिरत नाही. त्याच्याभोवती चार लहान चाकं, ग्रहांसारखी. आणि त्या सगळ्यांना कवेत घेणारी, आतल्या बाजूने साठ दात्यांची कडी. साठाचा तिसरा हिस्सा वीस, म्हणून वरच्या गिअरात चाक एकतृतीयांशाने जास्त फिरतं. तीच रचना उलटी चालवली की खालच्या गिअरात पाऊणपट. मधला गिअर थेट. वर्षानुवर्षं तेलाचे चार थेंब एवढीच त्याची अपेक्षा. मुलाने घरी नेऊन तो हब उघडला तेव्हा आतलं तेल डिंकासारखं झालं होतं, पण दाते शाबूत होते. त्याने सगळे भाग घासलेटमध्ये बुडवले, वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले आणि रात्री अकराला मला फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: "ताई, फिरतोय."

अशा फोटोंच्या देवाणघेवाणीवर आमची ही मंडळी चालते. संघटना नाही, वर्गणी नाही. कुणाला लुकसचा दिवा हवा असतो, कुणाकडे दोन असतात. कुणाकडे ब्रूक्सची सीट असते पण तिची नाकाकडची स्प्रिंग गेलेली, ती दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर सापडते. पैशांपेक्षा अदलाबदल जास्त चालते, कारण पैसे दिले की व्यवहार संपतो आणि वस्तू दिली की ओळख राहते. कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल म्युझियममध्ये गेलं तर या वेडाचं भरलेलं घर दिसतं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली, मधोमध दुमडणारी बीएसए सायकलसुद्धा तिथे आहे. मी तिथे गेले की माझं लक्ष मात्र भिंतींकडे जातं. बिल्ले, घंट्या, दिवे, पंप. सायकल आख्खी मिळते तेव्हा ती कुणाची तरी असते. सुटे भाग मिळतात तेव्हा त्यांना घर शोधावं लागतं.

मी या सगळ्यात आले ती वडिलांच्या सायकलमुळे.

आम्ही दापोडीला राहायचो आणि वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. पाळी सुटली की हॅरिस पुलावरून सायकलींचा लोंढा यायचा. शेकडो काळ्या सायकली, हँडलला डबा, पँटच्या पायाला क्लिप. पुलाच्या दापोडीच्या टोकाला उभी राहून मी त्यातली आमची सायकल शोधायची. सगळ्या सारख्याच दिसायच्या, पण आमची आवाजावरून कळायची. वडिलांनी तिला एक लुकसची घंटी लावली होती, जुन्या बाजारातूनच आणलेली. तिचा आवाज बाकीच्या घंट्यांसारखा किणकिणता नव्हता. एकदा दाबली की नाद लांबत जायचा, देवळातल्या छोट्या घंटेसारखा. सायकल हिंद कंपनीची होती. वडील तिला नावानेच हाक मारायचे: "हिंदला जरा तेल दे." तिचा पुढचा बिल्ला माझ्या जन्माआधीच गळून पडला होता. हँडलखालच्या नळीवर दोन भोकं तेवढी उरली होती, एकाखाली एक.

वडील गेल्यावर सात वर्षं ती जिन्याखाली उभी होती. रंग उडाला, टायर चिरले, ब्रेकच्या दांड्या जाम झाल्या. भंगारवाला दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तिला बाहेर काढलं आणि बोपोडीच्या अण्णांकडे नेलं.

अण्णांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण या छंदाबद्दल जे छापून येतं त्यात त्यांच्यासारखी माणसं फोटोच्या कडेला असतात. त्यांचं दुकान दहा बाय आठचं. छताला टायर टांगलेले, एका बाजूला पाण्याची परात, भिंतीवर खिळ्याला अडकवलेले पाने. एकेकाळी ते सायकली तासावर भाड्याने द्यायचे. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेल्या. त्यातला एक मडगार्ड अजून कोपऱ्यात आहे, क्रमांक १७. वयाच्या बाराव्या वर्षी ते सायकलीला हात लावू लागले आणि आता सत्तरी उलटून गेली आहे.

त्याआधी मी एका दुसऱ्या दुकानात गेले होते. तिथल्या पोराने कॉटर पिन काढायला सरळ हातोडा घातला. पिनचं टोक फुलासारखं उमललं, आटे गेले आणि ती आत अडकली ती अडकलीच. अण्णांनी ते पाहिलं आणि बराच वेळ नुसते हात फिरवत राहिले.

"ताई, कॉटर मारायची नसते. बसवायची असते."

कॉटर म्हणजे बोटभर लांबीची पोलादी पिन, एका अंगाने तिरपी तासलेली. पायडलचा दांडा आणि मधला आस यांच्यात ती आडवी जाते. तिचं तिरपं अंग आसावरच्या खाचेला चिकटतं आणि पाचरीसारखा दांडा धरून ठेवतं. शेवटची ढेबरी फक्त पिन गळू नये म्हणून. ढेबरी आवळून पिन ओढायला गेलात की आटे गेलेच. अण्णांनी लोखंडी नळीचा एक तुकडा जमिनीवर उभा केला, त्याच्यावर दांड्याचं भोक बरोबर येईल असं टेकवलं, म्हणजे मार छर्‍यांवर न जाता जमिनीत जावा. मग एकच घाव. पिन निसटून नळीत पडली. नवी पिन घेऊन त्यांनी ती कानशीवर चार वेळा ओढली, घालून पाहिली, परत काढली, परत दोन वेळा ओढली. दोन्ही बाजूंच्या पिना उलट्या दिशांनी बसतात: एकीची ढेबरी वर असेल तर दुसरीची खाली. तसं नसलं तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याला पाय लंगडतोय असं वाटतं, कारण मात्र कळत नाही. हे सगळं त्यांनी मला बोलून सांगितलं नाही. करताना दाखवलं आणि मी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं.

मधल्या आसाचे छर्रे त्यांनी परातीत ओतून मोजले. पाव इंची, एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. एक कमी निघाला. कोणत्या तरी ओव्हरहॉलिंगला कुणीतरी दहावर भागवलं होतं. वडील शेवटी शेवटी म्हणायचे, चढावर ती कुरकुरते. मला वाटायचं, त्यांचे गुडघेच थकले असतील.

हिंद सायकल्स ही मुंबईची, वरळीची कंपनी. आज वरळीचं नाव घेतलं की काचेचे उंच मनोरे डोळ्यांसमोर येतात. तिथे सायकली बनत होत्या हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ज्या मोजक्या भारतीय कंपन्या उभ्या राहिल्या त्यांतली ती एक. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला रॅलेच्या भागीदारीत सेन-रॅले आली, मद्रासजवळ अंबत्तूरला ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने हर्क्युलिस काढली, सोनीपतला १९५१ साली अॅटलस, लुधियानात १९५६ साली हिरो. फाळणीनंतर पंजाबात आलेल्या कारागिरांनी लुधियानाला सायकलच्या भागांचं असं काही गाव करून टाकलं की बाकीच्यांना त्या भावात टिकणं अवघड झालं. १९८० साली संसदेने एकाच कायद्याने हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. हिंदची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, सेन-रॅलेची सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. आज दोन्ही नाहीत. अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याला कुलूप लागलं ते ३ जून २०२० रोजी. तो जागतिक सायकल दिन होता.

आणि तरीही आमच्या मंडळींत हिंदला कुणी विचारत नाही. मला याचा मनापासून राग येतो. रॅलेच्या बगळ्याच्या बिल्ल्यासाठी लोक कोल्हापूरपर्यंत गाडी काढून जातात. रजची सायकल असेल तर पुढच्या दातेरी चाकात हाताचा पंजा कोरलेला आहे का ते बघतात, हंबर असेल तर त्यात धावणारी माणसं आहेत का आणि पुढचा चिमटा दुहेरी नळ्यांचा आहे का. सनबीम मिळाली, आणि तीही तेलात बुडून चालणाऱ्या साखळीच्या बंद पेटीसकट, तर तो माणूस महिनाभर दुसरं काही बोलत नाही. हे सगळं मलाही आवडतं. रॅलेच्या नळ्या जोडणारे लग किती नेमके घासलेले असतात, काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघा कशा एका हाताने ओढलेल्या असतात, हे मी तासन्‌तास पाहू शकते. पण ज्या सायकलींवर आपले बाप, आजोबा, पोस्टमन, दूधवाले, मास्तर आयुष्यभर फिरले त्या वरळीच्या, आसनसोलच्या, सोनीपतच्या होत्या. त्यांना 'साधी' म्हणून भंगारात काढणं आणि नॉटिंगहॅमचा डबा काचेत ठेवणं यात कुठेतरी चूक आहे.

महाराष्ट्रात तर सायकलीशी एक मोठा उद्योगच बांधलेला आहे. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सुरू केलं ते सायकलींचं दुकान. लक्ष्मणराव मुंबईत शिकवत होते, तिथून सायकली पाठवायचे आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. लोखंडी नांगर, चरक, किर्लोस्करवाडी हे सगळं पुढचं. आधी सायकलची ढेबरी सोडवणं आणि आवळणं. मुंबईचं एक उदाहरण तर थक्क करणारं आहे. १९२३ साली सहा पारशी तरुण मुंबईतून सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२८ साली परत आले. वाळवंटात आणि जंगलात वाटेत जे मोडेल ते त्यांनी कशाने दुरुस्त केलं असेल, याचा मी नेहमी विचार करते.

पोलादाची खरी गंमत दुरुस्तीतच आहे. टूलरूमवाल्या काकांकडे एक रेसिंग फ्रेम आहे, रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची. हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद बर्मिंगहॅममध्ये १९३५ साली आलं. नळी दोन्ही टोकांना जाड आणि मधे पातळ, कारण ताण सांध्यापाशी येतो. मधे वजन कशाला वागवायचं? सांधे लगमध्ये पितळेने जोडलेले. काकांनी ती फ्रेम घेतली तेव्हा मागची एक नळी पोचलेली होती. त्यांनी सांधा तापवला, पितळ वितळलं, नळी निघाली, दुसरी बसली. त्यांच्या मुलाची अॅल्युमिनियमची महागडी सायकल सांध्यापाशी तडकली तेव्हा दुकानदाराने नवी फ्रेम घ्या एवढंच सांगितलं. पोलाद वाकून आधी सूचना देतं. गंजतं, हे खरं. पण गंज दिसतो आणि वेळेवर पुसताही येतो.

गंजाचा विषय निघाला की आमच्यात भांडण ठरलेलं. एक पक्ष म्हणतो, फ्रेम भट्टीतल्या रंगाला द्या, क्रोम नवीन चढवा, कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. बँकवाले काका त्या पक्षाचे. त्यांच्या रॅलेत तुमचा चेहरा दिसतो. मी दुसऱ्या पक्षाची. ऑक्झॅलिक अॅसिडच्या पातळ पाण्यात भाग बुडवून ठेवला की गंज सुटतो आणि जुना रंग बराचसा राहतो (हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा, ते विष आहे). मग मेण. बस. आमच्या हिंदच्या मधल्या दांडीवर एका ठिकाणी रंग घासून पत्रा उघडा पडला आहे. तिथे लहानपणी मी बसायची. वडिलांनी टॉवेलची घडी सुतळीने बांधली होती, त्या सुतळीचा तो घसारा. तिथे नवा काळा रंग चढवून मला काय मिळणार होतं?

इटलीत टस्कनीतल्या गायोले गावी १९९७पासून ल'एरोइका नावाची फेरी निघते. तिथे १९८७च्या आधीचीच सायकल चालते. गिअरचे दांडे खालच्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा बाहेरून हव्यात. पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून लोक शंभर-दोनशे किलोमीटर जातात. मला त्यातला एकच नियम महत्त्वाचा वाटतो: ती चालवायची. आमच्याकडेही रविवारी दहा-बारा जण निघतात, खडकवासल्यापर्यंत. एडब्ल्यू हबवाला मुलगा त्याच्या नव्या चाकासह पहिल्यांदा आला तेव्हा सिंहगड रस्त्यावर मध्येच त्याचा पाय रिकामा गेला आणि तो दांडीवर आदळला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे या हबला एक पोकळ जागा असते. तार जराशी सैल झाली की गिअर तिथे अडकतो. त्याला उठवून आमच्यातल्या एका काकांनी आसावरच्या ढेबरीतली खिडकी दाखवली. मधल्या गिअरात असताना आतल्या काडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली, पाच मिनिटांत तार जुळली.

आट्यांचा वेगळाच छळ. बाकीच्या ब्रिटिश सायकलींच्या मधल्या आसाच्या कपला इंचाला चोवीस आटे, रॅलेला सव्वीस. दिसायला सारखेच. पहिले दोन फेरे हाताने जातात, तिसऱ्याला अडतं, आणि अधीर माणूस पाना लावतो. मग फ्रेमच गेली. अण्णांना आकडे माहीत नाहीत. कप हातात घेऊन ते नखाने आट्यावर ओढतात आणि म्हणतात, "हा बारीक आहे, हा रॅलेचा." मी ते तीनदा तपासून पाहिलं, एकदाही चुकले नाहीत. अण्णांच्या मुलाला या धंद्यात यायचं नाही, आणि का यावं त्याने? पंक्चरचे पैसे आणि त्या नखाचे पैसे सारखेच मिळतात. आमच्यातले लोक लुकसच्या दिव्याला हजारो रुपये मोजतात आणि अण्णांनी चाकाचा आउट काढला की वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे, इथेही लिहिते.

हिंद श्रावणात उभी राहिली. पुढच्या चाकात बत्तीस आरे, मागच्यात चाळीस, सगळे अण्णांनी बोटांनी छेडून एका सुरात आणलेले. ब्रेकच्या दांड्या मोकळ्या झाल्या. पावसात ते ब्रेक लागतात असं म्हणणं धाडसाचं आहे, ओल्या क्रोमवर रबर सरकतं, म्हणून उतारावर आधीपासूनच हळू. फक्त ती दोन भोकं रिकामी होती.

बिल्ला बँकवाल्या काकांकडे निघाला. कधीतरी रॅलेच्या भागांबरोबर पोत्यातून आलेला, त्यांच्या खणात रिकाम्या डबीत पडलेला. त्यांनी तो तळहातावर ठेवून मला दाखवला आणि मूठ मिटून घेतली.

"घंटी दे," ते म्हणाले. "लुकसची."

त्यांच्या रॅलेला सगळं होतं, घंटी तेवढी तैवानची होती. मी आठवडाभर विचार केला. घंटी वडिलांनी लावलेली, पण विकत आणलेली, दुसऱ्या कुणाच्या तरी सायकलीवरची. बिल्ला आमच्या सायकलीचा नव्हे, पण तिच्या कारखान्याचा. दोन्ही बाजूंनी मला वडिलांचाच आवाज ऐकू यायचा. शेवटी रविवारी मी घंटी सोडवून नेली. काकांनी ती तिथल्या तिथे आपल्या हँडलला बसवली आणि एकदा दाबली. तो लांबत जाणारा नाद ऐकून मी दुसरीकडे पाहिलं.

अण्णांकडे गेल्यावर बिल्ला नळीवर ठेवून पाहिला. वरचं भोक जुळलं, खालचं दोन-तीन मिलिमीटर चुकलं. अण्णांनी तो फिरवून पाहिला, परत ठेवला.

"साचा बदलला असेल मधे," ते म्हणाले. "नाहीतर तुमची हिंद नसेल. भोक पाडू नवीन?"

"नको."

"मग बिल्ल्याचं भोक कानशीने लांबवू. कळणार नाही कुणाला."

"तेही नको, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिळ्यांच्या डब्यातून एक रिव्हेट शोधली आणि वरच्या एकाच भोकात ती बसवली. हातोडीचे तीन हलके ठोके. खालचं भोक तसंच राहिलं, बिल्ल्याच्या कडेआड अर्धवट लपलेलं. पैसे विचारले तर म्हणाले, एका रिव्हेटचे काय घ्यायचे. मी त्यांच्या परातीखाली शंभराची नोट सारली.

परत येताना हॅरिस पुलावर गतिरोधकावरून गेले तेव्हा बिल्ला बारीकसा खडखडला. घंटीच्या जागी अण्णांनी एक साधी, देशी घंटी लावून दिली होती. पूल संपता संपता मी ती वाजवली.